साईटवरून मशीन चोरीला, क्लेम नाकारला. तातडीने मदत हवी

टेकेवाला: नाशिकला मखमलाबादच्या साईटवरून रात्रीत मिक्सरची मोटर, दोन व्हायब्रेटर, ब्रेकर आणि सव्वाशे सेंट्रिंग प्लेटा (स्लॅबखाली लावायच्या) गेल्या. पॉलिसी चालू आहे, पैसे वेळेत भरलेत. विमा कंपनीचा सर्वेअर येऊन गेला आणि आज कळवलं, क्लेम बसत नाही. मालक रोज फोन करतोय, स्लॅब अडकलाय. कंपनीवर दबाव कसा आणायचा? लवकर सांगा.

सातपूरकर: पॉलिसी कुठली? वर नाव काय लिहिलंय? नकाराचं कारण लेखी दिलंय का?

टेकेवाला: बँकेने कर्जाच्या वेळी काढून दिलेली. एजंट म्हणाला होता, सगळं कव्हर आहे.

गोदाकाठ: विम्याच्या नादी लागूच नका. मी संध्याकाळी मशीन छोटा हत्तीत घालून घरी आणतो आणि प्लेटांवर वेल्डिंगने नाव मारतो. नाव दिसलं की भंगारवाला हात लावत नाही.

सातपूरकर: दादा, सव्वाशे प्लेटा रोज घरी कोण आणणार? आणि त्यांची चोरी झालीये, आता हे सांगून उपयोग काय?

गोदाकाठ: पुढच्या वेळी तरी वाचतील.

आडगावचा जेसीबी: आरटीओ पासिंग असलेल्या जेसीबीला मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. बरेच जण सीपीएम (बांधकामाच्या मशीनचा विमा) काढून मोकळे होतात आणि रस्त्यावर अपघात झाला की अडकतात.

टेकेवाला: माझ्याकडे जेसीबी नाही हो. पॉलिसी सापडली. ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’. पत्ता अंबडच्या गोडाऊनचा.

सातपूरकर: मग दबाव आणून काही होणार नाही. ही मुळात आगीची पॉलिसी, १ एप्रिल २०२१ पासून आलेली, ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी. तिच्यात आग, पूर, दंगल असं काही घडलं आणि त्यामुळेच ७ दिवसांच्या आत चोरी झाली तरच भरपाई मिळते. नुसती चोरी बसत नाही. त्यात माल मखमलाबादला आणि पॉलिसीवर अंबड. तुम्हाला हवी होती ती सीपीएम, म्हणजे कॉन्ट्रॅक्टर्स प्लांट अँड मशिनरी.

पाथर्डी फाटा: एवढी महाग कशाला? घरफोडीची काढा, मी तीच काढलीये.

सातपूरकर: घरफोडीत कुलूप तोडल्याच्या, जबरदस्तीने शिरल्याच्या खुणा लागतात. उघड्या साईटवर त्या कुठून दाखवणार? सीपीएममध्येही दोन गोष्टी जपा. विमा रक्कम आजच्या नव्या मशीनच्या किमतीची ठेवा. २० लाखांची मशीन १० लाखांना दाखवली तर नुकसानीचे निम्मेच मिळतात. आणि महिन्याच्या मोजणीत माल कमी भरला, एवढ्यावर क्लेम होत नाही. प्लेटा यादीत घेतल्यात का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

पाथर्डी फाटा: माझ्या साईटला पत्र्याचं कंपाउंड आणि कुलूप आहे. मला चालतं.

म्हसरूळकर: एजंट काय बोलला त्याचा काही पुरावा आहे? मेसेज असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत जाता येतं, फी नाही. फर्म तुमच्या एकट्याच्या नावावर आहे ना? आणि एफआयआर?

टेकेवाला: फर्म माझीच. मेसेज आहेत बहुतेक, बघतो. चौकीत अर्ज दिलाय, शिक्क्याची प्रत आहे.

म्हसरूळकर: शिक्क्याचा अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे! उद्याच जाऊन गुन्हा दाखल करून घ्या. प्रत फिर्यादीला मोफत मिळते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. खरेदीची बिलं आणि मशीनचे नंबर सोबत न्या. माल सापडला तर त्यावरच ताबा मिळेल.

टेकेवाला: ब्रेकरचं बिल आहे, प्लेटांचं नाही. सकाळी जातो. पंचवटीच्या बाजूला भाड्याने प्लेटा कोणाकडे आहेत का? शनिवारी स्लॅब टाकायचाच आहे.

आडगावचा जेसीबी: ऐंशी आहेत, व्यनि (खाजगी निरोप) करतो. हरवल्या तर किंमत तुमच्याकडून घेईन, तसं चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. वाचून सही करा.