‘अग्नीने बाप्तिस्मा’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न

मत्तयाच्या शुभवर्तमानात (३:११) बाप्तिस्मा (पाण्यात बुडवून करायचा ख्रिस्ती दीक्षाविधी) करणारा योहान सांगतो की, मी पाण्याने बाप्तिस्मा करतो, पण माझ्यामागून येणारा पवित्र आत्म्याने व अग्नीने करील. हा अग्नी कोणता? प्रवचनांत कधी ‘आत्म्याचा आवेश’ असा अर्थ ऐकायला मिळतो, तर कधी थेट नरकाची आग. हे बाप्तिस्मे दोन आहेत की एकच?

पहिले उत्तर

आधी ‘दोन की एक’ हे बघू, कारण इथे मराठी वाचकाची खास अडचण होते. आपल्याकडे प्रत्यय प्रत्येक नामाला लागतो: ‘आत्म्याने व अग्नीने’. दोनदा ‘ने’ आला की दोन वेगळी साधने आहेत असे वाटू लागते. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये ‘एन’ हा शब्द एकदाच येतो आणि आत्मा व अग्नी दोघांनाही तोच लागू होतो. शिवाय ज्यांचा बाप्तिस्मा व्हायचा ते ‘तुम्ही’ही एकच. चांगल्यांना आत्मा आणि वाईटांना आग, अशी वाटणी या वाक्यात कुठेच नाही. म्हणून मी हा एकच बाप्तिस्मा मानतो.

‘एन’चा अर्थ ‘ने’ होतो तसा ‘मध्ये’ही होतो. ‘बाप्तिझो’ म्हणजे बुडवणे. ग्रीक लेखक जहाज बुडण्यासाठीही हे क्रियापद वापरत. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात नामान यार्देन नदीत सात वेळा बुचकळ्या मारतो (२ राजे ५:१४), तिथेही हाच शब्द आहे. म्हणजे योहान जे म्हणतो ते ‘अग्नीत बुडवील’ इतके थेट ऐकू यायला हवे. अंगावर ठिणगी पडण्याची ही गोष्ट नाही.

आता अग्नी कोणता? अकरावे वचन एकटे वाचू नका. दहाव्यात फळ न देणारे झाड तोडून अग्नीत टाकले जाते. बाराव्यात खळे आहे: त्याच्या हातात सूप आहे, गहू कोठारात जाईल आणि भूस न विझणाऱ्या अग्नीत. लागोपाठ तीन वचनांत तीनदा अग्नी येतो. पहिल्या आणि तिसऱ्या ठिकाणी तो न्यायाचा आहे हे उघड आहे. मग मधल्याच ठिकाणी त्याचा अर्थ ‘आवेश’ कसा होईल?

त्या खळ्याकडे जरा नीट बघा. मळलेले धान्य उपणताना वारा लागतो. दाणा जड, तो पायाशी पडतो. भूस उडून बाजूला सरते. ग्रीकमध्ये ‘न्यूमा’ म्हणजे आत्मा आणि वाराही. योहानाच्या चित्रात वारा आणि आग दोन्ही एकाच खळ्यावर, एकाच माणसाच्या कामासाठी आहेत. आणि ते काम आहे खळे स्वच्छ करण्याचे. मला हे फार महत्त्वाचे वाटते. हा न्याय नुसता जाळण्यासाठी नाही, त्यातून गहू मिळवायचा आहे.

दुसरे उत्तर

मला हे पूर्ण पटत नाही. प्रेषितांची कृत्ये २:३ मध्ये पेंटेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या, दिवशी अग्नीच्या जिभांसारख्या जिभा प्रत्येक शिष्यावर येऊन बसतात आणि कोणी जळत नाही. योहानाचे शब्द तिथेच पूर्ण झाले, असे ख्रिस्ती मंडळी शतकानुशतके मानत आली आहे. प्राचीन मंडळीचा प्रसिद्ध प्रवचनकार ख्रिसोस्तोम यानेही मत्तयाच्या या वचनातला अग्नी कृपेच्या तीव्रतेशी जोडला आहे. मग न्यायाचा अर्थ इतका पुढे का आणायचा?

पहिल्या उत्तरकर्त्याकडून

पेंटेकॉस्टचा संबंध मी नाकारत नाही. फक्त दोन गोष्टी तपासून बघा. मार्क १:८ आणि योहान १:३३ मध्ये आत्म्याने होणारा बाप्तिस्मा आहे, पण ‘अग्नीने’ नाही. आणि त्या दोन्ही शुभवर्तमानांत खळ्याचे चित्रही नाही. मत्तय आणि लूक यांच्याकडे अग्नी आहे, खळेही आहे. म्हणजे हे दोन्ही जोडीनेच चालतात. दुसरे असे की, पेंटेकॉस्टच्याच दिवशी पेत्र योएल संदेष्ट्याचे वचन उभे करतो, त्यात आत्मा ओतण्याचे वचन आहे आणि लगेच रक्त, अग्नी, धूर आहे (कृत्ये २:१९). त्या दिवशीही न्याय दूर गेलेला नव्हता.

‘जाळणारा’ आणि ‘शुद्ध करणारा’ हे दोन वेगळे अग्नी आपण पाडतो, पवित्र शास्त्र पाडत नाही. मलाखी ३:२-३ मध्ये परमेश्वर चांदी गाळणाऱ्यासारखा बसतो आणि लेवीच्या वंशजांना शुद्ध करतो. तापवल्यावर मळ निघतो, चांदी उरते. गणना ३१:२३ तर नियमच देते: जे आगीत टिकते ते आगीतून काढा, जे टिकत नाही ते पाण्यातून. सोने, रुपे, तांबे, लोखंड, कथील, शिसे ही नावे त्याच्या आदल्याच वचनात आहेत. पाणी आणि आग ही शुद्धीची दोन साधने योहानाच्या श्रोत्यांना अशी आधीपासून माहीत होती. यशया ४:४ मध्ये सीयोनेच्या कन्यांचा मळ धुतला जातो तोही न्यायाच्या व दहनाच्या आत्म्याने. आत्मा, धुणे आणि जाळणे तिथे एकाच वचनात आहेत.

आणि लूक १२:४९-५० सोडून या विषयावर बोलताच येणार नाही. येशू म्हणतो, मी पृथ्वीवर आग टाकायला आलो आहे. आणि लगेच, मला एक बाप्तिस्मा घ्यायचा आहे, तो होईपर्यंत मी किती पेचात आहे! यार्देनेतला बाप्तिस्मा तर केव्हाच झाला होता. हा पुढचा बाप्तिस्मा म्हणजे त्याचे मरण. इतरांना अग्नीत बुडवणारा आधी स्वतः त्यात उतरतो. योहानाने सांगितले नव्हते ते हे, आणि माझ्यासाठी या शब्दाचा सगळा अर्थ इथेच उलगडतो.

प्रश्नकर्त्याकडून

लूकमधली ही जोडी माझ्या लक्षातच आली नव्हती, आभार. एक शेवटचे: एखाद्याची पहिली मोठी कसोटी लागली की ‘अग्नीचा बाप्तिस्मा’ म्हणतात, तो वापर याच वचनावरून आला का?

तिसरे उत्तर

शब्द इथलेच, अर्थ मात्र रणांगणावरचा. सैनिक पहिल्यांदा गोळीबारासमोर उभा राहतो त्याला फ्रेंचमध्ये तसे म्हणू लागले आणि तिथून १९व्या शतकात तो प्रयोग इंग्रजीत पसरला. त्यात आग म्हणजे तोफा-बंदुकांची आग. शास्त्रवचन समजावताना हा अर्थ मागे नेऊ नये. मत्तय ३ मध्ये धाडसाची परीक्षा नाही. नुसती कसोटीच म्हणायची असेल तर मराठीत ‘अग्निपरीक्षा’ आणि ‘अग्निदिव्य’ आहेत. पण तेही या वचनाला लावू नका. अग्निदिव्यात निर्दोष माणूस आपली शुद्धता सिद्ध करतो. इथे अशुद्ध माणसाला शुद्ध केले जाते. पौल १ करिंथ ३:१५ मध्ये ज्याचे काम जळून जाते त्याच्याविषयी म्हणतो की तो स्वतः तारला जाईल, पण अग्नीतून बाहेर पडल्यासारखा. ‘अग्निपरीक्षा’ म्हटले की असा माणूस नापास ठरतो.