ठणठणपाळ खरंच विसरायचा?

वेंगुर्लेकर: काल इथे कुणी लिहिलंय, की जयवंत दळवींची खरी पुस्तकं म्हणजे ‘चक्र’ आणि ‘महानंदा’, ‘ठणठणपाळ’ हा टोपणनावाआडचा भ्याडपणा, विसरला तरी चालेल. वाचून डोकंच फिरलं. ‘ललित’ मासिक १९६४ साली निघालं आणि दळवींनी त्यात ‘ठणठणपाळ’ या नावाने वीसेक वर्षं ‘घटका गेली, पळे गेली’ हे साहित्यिकांची टर उडवणारं सदर चालवलं. संमेलनं, पुरस्कार, लेखकांचे मानापमान, काही सोडलं नाही. त्या काळचे साहित्यिक कसे वागत-बोलत, हे मला वाङ्मयाच्या इतिहासातून नाही, त्या सदरातून कळलं. ‘चक्र’मध्ये झोपडपट्टीतली माणसं टिपणारी नजरच इथे लेखकांवर रोखलेली आहे.

अनघड: ‘भ्याडपणा’ हा शब्द माझाच, आणि मी तो मागे घेणार नाही. लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात शतपत्रं लिहिली तेव्हा अख्खा समाज अंगावर येणार होता, त्यांचं टोपणनाव समजू शकते. दळवींना कसलं भय होतं? माझ्या मामाच्या पहिल्या कवितासंग्रहाची एका मासिकात टोपणनावाने अशीच टर उडवली होती. त्यानंतर त्याने एक ओळ लिहिली नाही. तुम्हाला ती गंमत वाटते.

वेंगुर्लेकर: मामांचं वाईट वाटलं. पण त्या परीक्षणाचा राग दळवींवर का काढता? ठणठणपाळ कोण, हे लपून राहिलं नव्हतंच. आणि सदराचं नाव आलंय कुठून ते बघा: ‘घटका गेली, पळे गेली, तास वाजे ठणाणा’. व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांनी ठणठणपाळला चेहरासुद्धा दिला. लपणारा माणूस स्वतःचं चित्र काढून घेतो का?

रद्दीप्रेमी: वाद घालताय, पण ते सदर वाचायला मिळतं कुठे? आमच्या गावच्या वाचनालयाने ‘पाच वर्षांत कुणी नेलं नाही’ म्हणून ‘ललित’चे जुने अंक पोत्यात भरून विकले. मी रद्दीवाल्याकडून किलोच्या भावाने परत आणले.

कपाट_क्रमांक_७: मी अशाच एका वाचनालयात बावीस वर्षं काम केलंय. छत गळतं, वाळवी लागते, अनुदान वेळेवर येत नाही. जुने अंक ठेवायचे कुठे? तुम्ही शेवटचे वाचनालयात कधी गेला होतात?

रद्दीप्रेमी: दर शनिवारी जातो! वर्गणी कधी थकवली नाही. निदान सभासदांना विचारायचं तरी. एक पाटी लावली असती तर दहाजण धावत आले असते.

कपाट_क्रमांक_७: आम्ही पाटी लावली होती. दोघे आले, दोघांनाही दिवाळी अंक हवे होते. पण फोन करून विचारायला हवं होतं, हे मान्य.

अनघड: वाचनालय राहू द्या. चित्राचा मुद्दा मला माहीत नव्हता, तेवढा सोडते. पण नवोदिताला झोडायचं तर खाली स्वतःचं नाव घालावं, यावरून मी हलणार नाही. रद्दीप्रेमी, तुमच्याकडच्या एखाद्या वर्षाचे अंक महिनाभर द्याल का? टपालखर्च मी देईन.

रद्दीप्रेमी: देतो. पण एकही पान दुमडायचं नाही.