चर्चा: अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध खरंच करांमुळे पेटलं का?

घाटमाथा:
शाळेत एका दमात शिकलो: इंग्लंडने कर लादले, बॉस्टनकरांनी चहा बुडवला, युद्ध झालं. मला हे पटत नाही. वर्तमानपत्रांपासून पत्त्यांच्या कॅटपर्यंत सगळ्यावर बसलेला १७६५ चा स्टॅम्प कर वर्षभरात मागे घेतला. काच, रंग, कागदावरचे कर १७७० मध्ये गेले. उरला चहावरचा, एका पौंड वजनाला ३ पेन्स. १७७३ च्या कायद्याने तर ईस्ट इंडिया कंपनीचा (हो, आपल्याकडचीच ती) चहा उलट स्वस्त झाला. स्वस्ताईविरुद्ध बंड कोण करतं?

भांडण तिजोरीच्या किल्ल्यांचं होतं. मॅसॅच्युसेट्सच्या (बॉस्टन याच वसाहतीत) गव्हर्नरचा पगार तिथली विधानसभा मंजूर करायची. तो ऐकेना तर पगार अडवायचा. लंडनने ठरवलं की गव्हर्नर आणि वरिष्ठ न्यायाधीशांचे पगार या चहाच्या कराच्या पैशातून आपणच द्यायचे. संपला लोकांचा धाक!

जमाखर्च:
किल्ल्या राहू द्या, हिशोब बघा. फ्रान्सशी झालेल्या सात वर्षांच्या युद्धानंतर (१७५६-६३) ब्रिटनचं कर्ज १३ कोटी पौंडांच्या घरात होतं. फ्रेंचांना हुसकावलं ते याच वसाहतींच्या उशापासून. थोडा वाटा मागितला तर बिघडलं कुठे? १७६४ मध्ये काकवीवरचा कर गॅलनला ६ पेन्सवरून ३ केला, फक्त आता तो खरोखर वसूल होऊ लागला. ओरड तिथून सुरू. बॉस्टनचा बडा व्यापारी आणि बंडाचा पुढारी जॉन हॅनकॉक, त्याचं जहाज १७६८ मध्ये तस्करीच्या आरोपावरून जप्त झालं होतं. स्वस्त चहाने पोट दुखलं ते डच चहा चोरून आणणाऱ्यांचं. चोराच्या उलट्या बोंबा!

घाटमाथा:
मग मॅसॅच्युसेट्समधल्याच वूस्टरचं काय? समुद्रापासून लांब, शेतकऱ्यांचं गाव. चहा बुडवल्याची शिक्षा म्हणून १७७४ मध्ये बॉस्टन बंदर बंद केलं, आणि गव्हर्नरच्या परवानगीशिवाय गावसभा वर्षातून एकदाच, असा कायदा आला. सप्टेंबरमध्ये साडेचार हजारांवर माणसं वूस्टरच्या कोर्टापुढे दुतर्फा उभी राहिली. कोर्टाच्या अधिकाऱ्यांना टोपी हातात धरून त्या रांगांमधून चालावं लागलं, पुन्हापुन्हा माघारीचा मजकूर वाचत. कोर्ट बंदच पडलं. यांतले किती जण तस्कर होते?

सोनचाफा:
तुम्ही दोघं मॅसॅच्युसेट्सबाहेर पडणार का? १७६३ मध्ये राजाने अ‍ॅपलेशियन पर्वतापलीकडे वस्ती करायला मनाई केली. वॉशिंग्टनसारख्या व्हर्जिनियाच्या जमीनदारांचा डोळा त्याच जमिनीवर, आणि जमीन मूळ रहिवाशांची! नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा ब्रिटिश गव्हर्नर डनमोरने जाहीर केलं की बंडखोरांचे जे गुलाम आमच्याकडून लढतील ते मुक्त. मळेवाले बिथरले ते तेव्हा.

जमाखर्च:
ताई, लेक्सिंग्टनला युद्धाची पहिली गोळी त्याच वर्षी एप्रिलमध्येच सुटली होती. कारण नंतर कसं येईल?

सोनचाफा:
लढाई एप्रिलमधली, पण जुलैत त्यांची काँग्रेस (वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा) राजाला समेटाचा अर्जच पाठवत होती. स्वातंत्र्याची घोषणा पुढच्या जुलैची. मी त्या मधल्या वर्षाबद्दल बोलतेय.

घाटमाथा:
१७७८ मध्ये पार्लमेंटने वसाहतींकडून महसुली कर घेण्याचा हक्कच सोडला, शिष्टमंडळही पाठवलं. तरी काँग्रेस म्हणाली, आधी स्वातंत्र्य माना. करच खुपत होता, तर तिथेच मिटायला हवं होतं.

जमाखर्च:
तोवर बंडखोरांनी साराटोगाची लढाई जिंकली होती, फ्रान्सशी तह झाला होता. सरशी होत असताना काय मागितलं यावरून १७६५ मधली मागणी कशी ठरवणार? स्टॅम्प कर गेल्याच्या आनंदात न्यूयॉर्ककरांनी राजा जॉर्जचा घोड्यावरचा पुतळा बनवून घेतला, १७७० मध्ये उभाही केला. किल्ल्यांचं दुखणं इतकं जुनं होतं, तर हा कौतुकसोहळा कशाला?