दाद मागणे, दाद लागणे

पारिजात

नागालँडमधल्या ओटिंग गावावर लेख लिहिते आहे आणि एका वाक्यापाशी दोन दिवस अडकले आहे. ४ डिसेंबर २०२१ च्या संध्याकाळी तिरूच्या कोळसा खाणीवरून पिकअपने घरी निघालेल्या आठ मजुरांवर लष्कराच्या २१ पॅरा स्पेशल फोर्सेसच्या तुकडीने गोळ्या झाडल्या. सहा जण गेले, दोघे जखमी होऊन वाचले. त्यांना शोधत आलेल्या गावकऱ्यांशी झटापट झाली, त्यात आणखी सात गावकरी आणि एक जवान गेला. दुसऱ्या दिवशी मोन शहरात आणखी एक. एकूण चौदा नागरिक.

त्यानंतर गाव आणि राज्य सरकार जे करत आलं, त्यासाठी मी 'न्याय मागत आहेत' असं लिहिलं होतं. पुन्हा वाचलं तर मोर्चातल्या घोषणेसारखं वाटलं. इथे तर पोलीस ठाणं, तपास पथक, आरोपपत्र, सर्वोच्च न्यायालय अशी पायरी पायरीने झालेली गोष्ट आहे. नेमका शब्द कोणता? आणि बातम्यांत सर्रास येतं तसं 'चकमकीत मृत्यू' इथे चालेल का?

मोडीवाचक

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो. चालणार नाही.

चकमक हा तुर्की शब्द. आपल्याकडे आधी आला तो आग पाडायच्या साधनासाठी. गार आणि पोलाद एकमेकांवर आपटलं की ठिणगी पडते, म्हणून दोन टोळ्यांची छोटी लढाई ती चकमक. 'चकमक उडाली', 'चकमक झडली' ही क्रियापदं त्या ठिणगीचीच आहेत. तेव्हा चकमकीला दोन बाजू लागतात. पिकअपमधल्या मजुरांकडे कोणतं पोलाद होतं?

'बनावट चकमक'ही ओटिंगला लावू नका. बनावट म्हणजे आधी मारायचं आणि मग चकमकीचा देखावा उभा करायचा. तो शब्द मणिपूरचा आहे. तिथल्या १५२८ मृत्यूंची यादी घेऊन मृतांची कुटुंबं २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती संतोष हेगडे यांच्या आयोगाने नमुन्यादाखल सहा प्रकरणं तपासली. सात मृत्यू, आणि एकही चकमक खरी नव्हती. ८ जुलै २०१६ ला न्यायमूर्ती मदन लोकूर आणि न्यायमूर्ती उदय लळीत यांनी निकाल दिला, आणि पुढच्या वर्षी सीबीआयच्या विशेष पथकाकडे तपास गेला. इथे 'चौकशी' आणि 'तपास' यांची गल्लत करू नये. आयोग करतो ती चौकशी, तिच्यातून अहवाल निघतो. तपासातून आरोपपत्र निघू शकतं. ती कुटुंबं चौकशीवर थांबली नाहीत, त्यांनी तपास मिळवला, हे मराठीत एका शब्दाच्या फरकाने सांगता येतं.

ओटिंगसाठी साधं लिहा: 'जवानांनी मजुरांना गोळ्या घालून मारलं.' 'मारले गेले' नको. कर्ता माहीत असताना तो गाळायचं कारण नाही.

शिरस्तेदार

पारिजातताई, तुमचा शब्द 'दाद'.

तीस वर्षं जिल्हा न्यायालयात काढली. 'न्याय मागणे' कागदावर क्वचित दिसलं असेल, अर्जात असायचं 'दाद मागणे'. फारसीत दाद म्हणजेच न्याय. आता मैफलीत दाद देतात तेवढीच लोकांना ठाऊक, पण ताप औषधाला दाद देत नाही म्हणतो तेव्हा जुना अर्थ जवळ असतो. ज्याच्याकडे गाऱ्हाणं नेलं त्याने ते मानणं, त्याला जागणं, ही दाद.

आणि 'दाद मागणे'ची जोडी 'दाद लागणे'शी आहे. हा प्रयोग जपायला हवा. मागणं आपल्या हातात, लागणं समोरच्याच्या. 'दाद मागितली, दाद लागली नाही' एवढ्या चार-पाच शब्दांत तुमचा अर्धा लेख येतो.

फिर्याद वेगळी. तीही फारसी, मूळ अर्थ मदतीसाठी फोडलेला टाहो. आपल्या ठाण्यांत तिचा अर्थ आटला आणि पहिली खबर एवढाच उरला. ओटिंगच्या बाबतीत मात्र एक गोष्ट आवर्जून लिहा. तिझित पोलीस ठाण्याने स्वतःहून गुन्हा नोंदवला, आणि लष्कराने मोहिमेसाठी पोलिसांचा वाटाड्या घेतला नव्हता हेही त्यात लिहिलं. आमच्या भाषेत ही 'सरकारतर्फे फिर्याद'. राज्याच्याच पोलिसांनी देशाच्या लष्कराविरुद्ध फिर्यादी व्हावं, हे धाडस त्या शब्दांत दिसतं.

सांजवात

'सानुग्रह अनुदान' हा शब्दही लेखात येईल, त्याकडे नीट पाहा. अनुग्रहासह, म्हणजे कृपा म्हणून. नुकसानभरपाई वेगळी, तिच्यात कुणीतरी नुकसान केलं हे गृहीत असतं. सानुग्रह मदत देणारा काहीच कबूल करत नाही. ओटिंगच्या ग्रामपरिषदेने दोषींना कायद्यापुढे आणेपर्यंत सरकारी मदत घेणार नाही असं जाहीर केलं. म्हणून 'भरपाई नाकारली' असं लिहू नका. त्यांनी कृपा नाकारली. मला ही बातमी वाचताना गलबलून आलं होतं, शेतावर आणि खाणीवर जगणारं गाव आहे ते.

पारिजात

काका, 'दाद' घेतला. सांजवात, तुमची दुरुस्तीही केली.

आता शेवटची अडचण. नागालँडच्या विशेष तपास पथकाने एका मेजरसह तीस जणांवर आरोपपत्र ठेवलं. मजुरांची ओळख पटवण्याआधीच गोळीबार झाला, हा त्याचा निष्कर्ष. पण १९५८ च्या सशस्त्र दले विशेष अधिकार कायद्याचं कलम ६ सांगतं की केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय खटला नाही, दावा नाही, कसलीच कारवाई नाही. २०२३ मध्ये केंद्राने ती नाकारली. १७ सप्टेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी कारवाई बंद केली, पुढे कधी मंजुरी मिळाली तर ती चालू करता येईल एवढं दार ठेवून. मी लिहिलं होतं 'परवानगी नाकारली'. बरोबर आहे?

शिरस्तेदार

परवानगी नको, 'मंजुरी'च ठेवा. परवानगी मागतो तो स्वतःसाठी काही करायला. अभियोगाची मंजुरी दुसऱ्यावर खटला चालवण्यासाठी लागते.

मोडीवाचक

शिवाय मंजूर हा अरबी शब्द नजरेच्याच कुळातला. मंजूर म्हणजे पाहिलेलं, नजरेखालून गेलेलं. मंजुरीच्या कागदात नेमकं हेच अपेक्षित असतं, की अधिकाऱ्याने पुरावा डोळ्यांखालून घातला आणि मग ठरवलं. नाकारतानाही पुरावा पाहिलेला असायला हवा. नागालँड सरकार त्या नकाराविरुद्ध वेगळी याचिका घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेलं, ते याच मुद्द्यापाशी येतं. म्हणून तुमच्या लेखात 'दाद मागत होते' असा भूतकाळ वापरू नका.

पारिजात

वाक्य आता असं केलं आहे: 'तिझितच्या ठाण्यापासून दिल्लीपर्यंत ओटिंग दाद मागतं आहे, ती अजून लागलेली नाही.'