‘स्मट’ला मराठीत काय म्हणावं? तसलं, शृंगार, काणी, आणि एक जुना प्रत्यय

मी मराठीत फॅनफिक लिहिते. दुसऱ्याने घडवलेली पात्रं घ्यायची आणि मूळ कथेत त्यांच्या वाट्याला जे आलं नाही ते त्यांना द्यायचं. माझ्या आत्ताच्या कथेत दोघं बावीस प्रकरणं एकमेकांभोवती फिरत होती. तेविसाव्यात ती एका खोलीत आली, त्याने दार लावलं, आणि माझी मराठी दाराबाहेर राहिली. पुढची दोन पानं मी इंग्रजीत लिहिली. दोघंही नागपूरच्या इतवारीत वाढलेली आहेत, भांडतात मराठीत, रडतात मराठीत. सगळ्यात जवळ येतात तेव्हाच त्यांची भाषा का बदलावी?

म्हणून इथे वाचकांना विचारते, आणि आलेली उत्तरं ज्या त्या ठिकाणाच्या नावाने खाली देते. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या फॅनफिकच्या संकेतस्थळावर कथेच्या माथ्यावर पाटी असते: जनरल, टीन, मॅच्युअर, एक्सप्लिसिट. त्या शेवटच्या पाटीला, म्हणजे शरीरसंबंध उघड दाखवणाऱ्या कथेला, मराठी शब्द हवा आहे. बोलताना वाचक ‘स्मट’ म्हणतात. जुने वाचक ‘लेमन’ म्हणत. तो शब्द १९८४ साली सुरू झालेल्या ‘क्रीम लेमन’ या प्रौढांसाठीच्या जपानी अ‍ॅनिमे मालिकेवरून आला, आणि त्याहून सौम्य ते ‘लाइम’. आपल्याकडे काय?

नागपूरच्या महाल भागातून

शृंगार. वेगळा शब्द शोधायचं कारणच नाही. नाट्यशास्त्रात भरताने सांगितलेल्या आठ रसांत तो पहिला, रती हा त्याचा स्थायीभाव, म्हणजे मूळ भाव. त्याचे दोन भाग: संभोग आणि विप्रलंभ, म्हणजे विरह. इथे संभोग म्हणजे प्रेमी एकत्र असण्यातलं सुख. एकमेकांना पाहणं, बोलणं, बागेत फिरणं हेही संभोगशृंगारातच येतं. सम् अधिक भोग, दोघांनी मिळून घेतलेला आनंद. आज हा शब्द डॉक्टरांच्या अर्जावर आणि पोलिसांच्या कागदावर उरला याचं मला वाईट वाटतं.

आणि बाई, तुमचा प्रश्न नवा नाही. कालिदासाने कुमारसंभवाच्या आठव्या सर्गात शिवपार्वतीचा शृंगार रंगवला. पात्रं त्याची नव्हती, सगळ्यांची होती. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ या काव्यशास्त्राच्या ग्रंथात म्हटलं की थोर देवतांचा संभोगशृंगार वर्णन करणं अनुचितच, पण कवीची शक्ती एवढी मोठी की तो दोष ग्राम्य वाटत नाही. नंतरचा काव्यशास्त्रकार मम्मट इतका उदार नव्हता. त्याच्या मते ते आईवडिलांच्या शृंगाराचं वर्णन केल्यासारखं.

मी

काका, मम्मटाचं वाचून मी थबकलेच. ‘ही पात्रं आमच्या घरातली आहेत, त्यांना असं दाखवू नका’ असं मला एका वाचक ताईंनी याच भावनेने लिहिलं होतं. तेव्हा मी दुखावले होते. आता वाटतं, त्यांचं माझ्या लिखाणाशी भांडण नव्हतंच, त्या पात्रांशी त्यांचं नातं वेगळं होतं. त्यांना ती दोघं धाकट्या भावंडांसारखी वाटत होती, मला मैत्रिणीसारखी.

नंदनवनातून

ताई, शृंगार म्हटलं का मले गजरा अन् नथच दिसते. पार्लरवाली ‘ब्रायडल शृंगार’ म्हणते ना, तेच. आमी होस्टेलच्या पोट्ट्या त ‘तसली’ म्हणतो. ‘ते कथा तसली हाय, रात्री वाचजो.’ सगळ्याइले समजते. काऊन पायजे नवा शब्द?

मी

‘तसली’ मीही म्हणते, आणि म्हणूनच त्या शब्दावर थोडं थांबायचं आहे. ‘तशी मुलगी’ आणि ‘तसली मुलगी’ यांत फरक केवढा! ‘असला’, ‘कसला’, ‘तसला’ या ‘ला’मध्ये मराठीने नाक मुरडणं भरून ठेवलं आहे. शिवाय हा शब्द नाव न घेता बोट दाखवतो. मैत्रिणींत हसत म्हटला तर गोड लागतो, पण कथेच्या माथ्यावर मीच लिहिला तर मी माझ्याच पात्रांकडे तोंड वाकडं करून पाहिल्यासारखं होईल. ‘चावट’चंही तसंच. चावट म्हणजे गंमत आली, आणि माझी तेविसावी रात्र गमतीची नाही. ‘बोल्ड’ तर नटीचं कौतुक करता करता तिला टोचायचा शब्द आहे.

काटोलहून

शब्दाचं मला फार कळत नाही, पण स्मट म्हणजे ज्वारीवरची काणी. कृषीच्या पुस्तकात इंग्रजी नाव तेच असते. कणीस दुरून चांगलं दिसते, पण दाण्याच्या जागी काळी भुकटी. पेरणीआधी बियाण्याला गंधक चोळावं लागते. कथेला हे नाव कोणी दिलं असेल?

मी

दादा, तुमच्यामुळे मला इंग्रजीचं मन कळलं. त्यांच्याकडेही स्मट म्हणजे आधी काजळीचा डाग, मग पिकावरचा रोग, आणि मग असलं लिखाण. (बघा, ‘असलं’ माझ्याही तोंडी आलं.) म्हणजे तो शब्द आपण नुसता उसना घेतला नाही, त्यातली किळसही घेतली. इंग्रजी वाचक आता तो प्रेमाने वापरतात, त्यांनी तो घासूनपुसून घेतला आहे. आपण का घासत बसायचं? काणी म्हणजे दाण्याच्या जागी भुकटी. माझ्या कथेत बावीस प्रकरणं पोसलेला दाणा त्याच रात्री भरला.

‘अश्लील’चा उगम याहून सुंदर आहे: ज्यात श्री नाही ते. काव्यशास्त्रात अश्लील हा दोष तीन कारणांनी होतो: लाज वाटणं, किळस येणं आणि अमंगल वाटणं. म्हणजे अश्लीलता प्रसंगात नव्हे, शब्दाच्या स्पर्शात पाहिली जात होती. हे मला लिहिताना रोज जाणवतं. अवयवांची नावं घ्यायला गेलं की मराठी एक तर जीवशास्त्राच्या तासाला बसवते, नाही तर शिवी देते. मधलं काही सापडत नाही म्हणून मी इंग्रजीकडे पळत होते. मग नामं सोडली आणि क्रियापदं धरली. बिलगणं, कवटाळणं, शहारणं, कुशीत शिरणं. ‘अंग चोरलं’ लिहिलं की ती अजून तयार नाही हे एका क्षणात कळतं, आणि त्यानेही ते ओळखून हात मागे घेतला पाहिजे. पुढे ‘अंग सैल सोडलं’ आलं की वाचकाला वेगळं काही सांगावं लागत नाही. संमती दाखवायला याहून नेमकं मला इंग्रजीतही सापडलं नव्हतं.

रामटेकहून

मी वाचक आहे आणि असे प्रसंग गाळते. लाजून नाही. मला त्या दोघांचं झुरणं आवडतं. जिथे मेघदूतातल्या यक्षाची रामगिरी मानतात त्या गावची मी, विप्रलंभच माझा! तुम्ही ज्याला ‘स्लो बर्न’ म्हणता त्याला साहित्यशास्त्रात पूर्वराग म्हणतात: भेटीआधीची ओढ. मला फक्त आधी कळायला हवं की कुठून गाळू. आणि एक विनंती: ज्यात शृंगार नाही त्या कथेला ‘सोज्ज्वळ’ म्हणू नका. मग बाकीच्या मळक्या ठरतात, आणि मी त्या मळक्या मानत नाही.

मी

ताई, हे मनापासून पटलं. पाटी तुमच्यासाठीच हवी. २००२ मध्ये फॅनफिक्शन डॉट नेटने प्रौढ कथा बंद केल्या आणि कितीतरी लिखाण तिथून उठलं. आर्काइव्हने उलट केलं: कथा ठेवा, पण वाचकाला दारातच सांगा. म्हणून पाटीवर निकाल नको, खबर हवी. पात्रं सज्ञान आहेत की नाहीत हेही मी पाहते. नसतील तर तसा प्रसंग मी लिहीत नाही आणि वाचतही नाही.

अमरावतीहून

जुनी मराठी विसरलात का? सातशे वर्षांपूर्वी भास्करभट्ट बोरीकरांनी कृष्णकथेवर ‘शिशुपालवध’ लिहिला. महानुभाव पंथातल्या जाणत्यांनी तो ऐकून सांगितलं की ग्रंथ निका झाला आहे, पण निवृत्ताजोगा, म्हणजे संसार सोडलेल्याला साजेसा, नव्हे. शृंगार जास्त झाला होता. पुढे भास्करभट्टांनी ‘उद्धवगीता’ रचली.

मी

दादा, हाच! ‘जोगा’! निका म्हणजे चांगला. ग्रंथ चांगला आहे आणि तरीही अमक्याच्या हाती द्यायचा नाही, दोन्ही एका दमात, कुणाचाही अपमान न करता. ‘तसला’मधला ‘ला’ नाक मुरडतो, ‘जोगा’ फक्त वाचकाकडे पाहतो. सर्वांजोगी, थोरांजोगी, आणि शेवटची पाटी ‘जाणत्यांजोगी’. महालच्या काकांसाठी त्यापुढे शृंगार ठेवते, पार्लरवालीने नेलेला परत आणून. नंदनवनच्या मुलींनो, तुम्ही आपसांत ‘तसली’च म्हणा.

तेविसावं प्रकरण काल रात्री पूर्ण मराठीत लिहून झालं. माथ्यावर लिहिलं आहे: ‘जाणत्यांजोगी. उघडा शृंगार, दार लागल्यापासून पहाटेच्या चहापर्यंत.’ रामटेकच्या ताई, तुम्ही चहापासून वाचा. तिथे ती दोघं पुन्हा भांडतात.