जुनी बेल्जियन दुनाळी : पहिला बार काढण्यापूर्वी काय तपासावे?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक)
एका वयोवृद्ध परिचितांची बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या व्यासाचे माप) दुनाळी मी रीतसर विकत घेतली असून तिची नोंद माझ्या शस्त्रपरवान्यावर झाली आहे. नळ्यांच्या खालच्या बाजूस अंडाकृती चौकटीत ‘ईएलजी’ ही अक्षरे व वर मुकुट आहे. चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या भागाच्या, लांबीचा आकडा मात्र कोठेही आढळत नाही. दुकानदाराने ‘बारा बोअर म्हणजे बारा बोअर’ असे सांगून 70 मिलिमीटर काडतुसांचा खोका हातात ठेवला. काडतूस सहज आत बसते, बंदूकही नीट मिटते, तरीही बार काढण्यास मन धजावत नाही. काय पाहावे?

उत्तर (पंचवटी)
धजावत नाही हेच बरे. काडतूस बसले म्हणजे ते चालेल असे नव्हे. 70 मिलिमीटर ही उडालेल्या, म्हणजे तोंड पूर्ण उलगडलेल्या काडतुसाची लांबी असते; न उडालेले काडतूस तोंड दुमडल्यामुळे बरेच आखूड असते आणि म्हणून 65 मिलिमीटरच्या चेंबरमध्येही विनासायास बसते, पण बार होताच उलगडणारे तोंड चेंबरपुढच्या निमुळत्या भागात शिरते, छर्र्यांची वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. जुन्या युरोपीय दुनाळ्यांत 65 मिलिमीटरचे चेंबर सर्रास आढळते. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळ्या सुट्या करा आणि चेंबर जेथे निमुळते होऊ लागते तेथपर्यंतचे अंतर पोलादी पट्टीने मोजा.

‘ईएलजी’ ही बेल्जियममधील लिएज येथील चाचणीगृहाची खूण आहे आणि तिच्यावर मुकुट 1893 मध्ये आला, तेव्हा आपली बंदूक त्यापूर्वीची नाही. सिंह आणि त्याखाली ‘पीव्ही’ दिसल्यास आजच्या काडतुसांत असते त्या धूरविरहित दारूची चाचणी झालेली आहे. ती खूण नसल्यास आजचे काडतूस घालूच नये. नळ्यांवर वेटोळ्यांची नक्षी असेल, म्हणजे त्या पट्ट्या वळवून सांधलेल्या जुन्या पद्धतीच्या असतील, तर अधिकच सावध राहावे.

उत्तर (सिडको)
वरील उत्तराशी सहमत आहे, पण खुणा केवळ चाचणीच्या दिवसाची साक्ष देतात. त्यानंतर कोणी गंज काढताना नळी आतून घासली असेल, तर तिची जाडी घटलेली असते आणि ते डोळ्यांना कळत नाही. जाडी परवानाधारक कारागिराकडूनच मोजून घ्यावी. सुट्या नळ्या त्यांच्या खालच्या हुकाला दोरी बांधून लटकवा आणि लाकडाने हलकेच ठोका. स्वच्छ नाद आला तर ठीक. आवाज बद्द आला, तर नळ्यांमधील पट्टीचा डाक (धातूचा सांधा) सुटलेला असण्याची शंका घ्यावी.

आणखी एक. बंदूक तेल घालून नळ्या वर करून ठेवू नका. तेल उतरून दस्त्याचे लाकूड मऊ पडते. आपल्याकडच्या पावसाळ्यात नळीला तेल लागतेच, म्हणून हे सांगितले.

प्रश्नकर्ता
मोजमाप केले, दोन्ही चेंबर 65 मिलिमीटर भरले. सिंह आणि ‘पीव्ही’ भिंगाखाली सापडले. शेतात चाचणी करावी का?

उत्तर (पंचवटी)
शेतात नको. कारागिराने हिरवा कंदील दाखविल्यावर छर्र्यांची बंदूक चालविण्यास परवानगी असलेल्या रेंजवरच, 65 मिलिमीटरची हलकी काडतुसे घेऊन जा. सुमारे 36 मीटरवर मोठा कागद लावा, एका वेळी एकाच नळीत एकच काडतूस भरा आणि 76 सेंटिमीटरच्या वर्तुळात किती छर्रे पडले ते मोजा; पूर्ण चोकच्या, म्हणजे तोंडाशी पूर्ण आवळलेल्या, नळीतून साधारण 70 टक्के पडावेत. बहुधा डाव्या नळीचा चोक अधिक आवळ असतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. 70 मिलिमीटरचा खोका अद्याप फोडलेला नाही. उद्या परवाना सोबत घेऊन दुकानात जातो; दुकानदार तो परत घेतो का ते पाहू.