नवा कोरा पीसी, आणि झिप उघडायला पाऊण तासाच्या वर. दोष कुणाचा?

केळीपट्टा:
मागच्या आठवड्यात पीसी असेंबल करून घेतला. रायझन ५ ७६००, १६ जीबी डीडीआर५, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी. काम केळीच्या पानांवरचा करपा ओळखायचं एआय मॉडेल शिकवायचं, त्यासाठी फोटोंची झिप आहे ३८ जीबीची. आत १ लाख ६० हजार जेपीजी. राइट क्लिक, एक्स्ट्रॅक्ट ऑल, आणि ५० मिनिटं! सीपीयू नऊ-दहा टक्क्यांवर निवांत, रॅम अर्धी रिकामी. दुकानदार म्हणतो विंडोज पुन्हा टाकून देतो. टाकू का?

भुसावळी_ऊन:
विंडोज टाकून काय होणार? एसएसडी बघ आधी. स्वस्तातल्या एनव्हीएमईत क्यूएलसी चिप (एका कप्प्यात चार बिट कोंबणाऱ्या, म्हणून लिहायला मंद) असतात आणि स्वतःची डीरॅम, म्हणजे छोटी वेगवान मेमरी, नसते. सुरुवातीचे काही जीबी एसएलसी कॅशमध्ये, म्हणजे वेगाने लिहिता येणाऱ्या राखीव जागेत, पडतात तोवर गाडी सुसाट, कॅश भरली की बैलगाडी. खोक्यावरचा आकडा कॅशचा असतो, भो. असेंबल करताना सगळे प्रोसेसरवर उड्या मारतात आणि एसएसडीत हजार रुपये वाचवतात.

तापीकाठ:
ऊनभाऊ, गणित मांडा की. ३८ जीबी भागिले ३००० सेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम १३ एमबी. कॅश संपलेली क्यूएलसीसुद्धा सहसा एवढी लोळत नाही, जुनी फिरती हार्ड डिस्क सलग लिहिताना याच्या कितीतरी पुढे जाते. आता दुसरा भागाकार करा: सेकंदाला ५३ फायली. इथे दुखतंय. वेळ एमबीला लागत नाही, दर फायलीमागे लागतोय.

आणि नऊ-दहा टक्के म्हणजे सीपीयू निवांत नाही. ७६०० ला १२ थ्रेड, म्हणजे एका वेळी कामाच्या १२ रांगा. एक थ्रेड पूर्ण राबला तरी टास्क मॅनेजर आठच्या आसपास दाखवतो. एक्सप्लोररचं झिपचं काम फार जुन्या वळणाचं आहे, एकेक फाइल हातात घेऊन चालतं. त्यात झिप नेटवरून उतरवलेली असेल तर प्रत्येक फोटोवर 'बाहेरून आली' असा शिक्का मारतं. वर विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर प्रत्येक नवी फाइल उघडून बघतो. लग्नाच्या पंगतीत दर पाहुण्याचं आधार कार्ड तपासल्यासारखं.

केळीपट्टा, तुना डबा बरा शे, भो.

सावदा_बाजार:
डिफेंडर कायमचा बंद कर, विषय संपला. मी दोन वर्षं तसाच वापरतो, काही झालेलं नाही.

तापीकाठ:
झालेलं *दिसलेलं* नाही. गावातल्या झेरॉक्सवाल्याकडे पेन ड्राइव्ह लावून आलात की बघा, फोल्डरचे शॉर्टकट होतात ते कशाने? फक्त डेटाच्या एका फोल्डरला एक्सक्लूजन द्या, म्हणजे डिफेंडर तेवढाच वगळेल. आधी झिपवर स्कॅन मारा, काम झालं की एक्सक्लूजन काढा. दोन मिनिटांचं काम आहे.

सावदा_बाजार:
विंडोज परत चालू करतंच ते अपडेटनंतर. वैताग आहे. पण ठीक.

धुळे_ते_नाशिक:
केळीपट्टा, झिपवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली 'अनब्लॉक'वर टिक. मग सेव्हन-झिप सॉफ्टवेअरने काढ. खिडकीतून फाइली ओढू नको हां, 'एक्स्ट्रॅक्ट'चं बटण दाब. ओढल्या की आधी टेम्प फोल्डरमध्ये सुटतात, मग तिथून हलतात. दुप्पट मजुरी.

भुसावळी_ऊन:
आणि तापमान? आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो, खोलीत कूलर नसेल तर एनव्हीएमई सत्तरी-ऐंशीला गेला की स्वतःच वेग पाडतो. मदरबोर्डचा हीटसिंक (एनव्हीएमईवरची, त्याला थंड ठेवणारी धातूची पट्टी) उघडून बघ. खालच्या थर्मल पॅडवरची प्लॅस्टिकची पन्नी काढलीय का? हसू नका, दहात दोन मशीनवर मला तशीच चिकटलेली सापडते.

केळीपट्टा:
करून बघितलं.
अनब्लॉक करून सेव्हन-झिपने: ११ मिनिटं.
त्यावर फोल्डरला एक्सक्लूजन दिल्यावर: ४ मिनिटं.
आणि ऊनभाऊ... पन्नी होती. निळी. पण ती मी या दोन्हीनंतर काढली, तेव्हा ४ मिनिटांचं श्रेय तिला नाही. विंडोज टाकणं रद्द.

तापीकाठ:
५० वरून ४. एसएसडी तीच, स्क्रू सुद्धा न हलवता. आणखी काय पुरावा हवा?

भुसावळी_ऊन:
थांबा. ३८ जीबी ४ मिनिटांत, म्हणजे सेकंदाला १६० एमबी. हा वेग एनव्हीएमईचा आहे का? जुन्या जोडणीची साटा एसएसडी लाजवेल याला. डिफेंडरचा दगड बाजूला झाला, आता खालचा दगड दिसतोय. केळीपट्टा, शेवटच्या दोन मिनिटांत डिस्कचा आलेख कसा होता?

केळीपट्टा:
सुरुवातीला डिस्क ४० टक्के. साधारण अर्ध्यानंतर १०० टक्के, आणि लिहिण्याचा वेग पडलेला.

भुसावळी_ऊन:
हाव ना! कॅश भरली.

तापीकाठ:
मान्य, पण झिपही त्याच डिस्कवर आहे, वाचणं-लिहिणं एकाच वेळी. पन्नी काढलीय, आता झिप दुसऱ्या डिस्कवर ठेवून परत चालव. ४ मिनिटांसाठी त्याला नवी एसएसडी घ्यायला लावू नका. डेटासेट काय रोज उघडायचाय?

केळीपट्टा:
दुसरी डिस्क नाहीये. भावाच्या जुन्या लॅपटॉपमधली साटा एसएसडी काढता येईल, पण तो शेतावर आहे, संध्याकाळी येईल. त्याला विचारून लावतो.